कोपरबाई

मोखाड्याकडच्या आमच्या आश्रमशाळेत स्वयंपाक करणारी बाई शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ‘तू’ म्हणायची. त्यात उद्धटपणा नव्हता, तिच्या घरची बोलीच तशी. कोणी उघड्या तोंडाने खोकलं, की भाकरी थापता थापता ती ओरडायची, “कोपर!” तोंड कोपरात गेल्याशिवाय ताटात भात पडत नसे. पोरांनी तिचं नावच कोपरबाई ठेवलं. मी तिथला मुख्याध्यापक. तिच्याबद्दलची एक गोष्ट मी यंदापर्यंत खरी सांगितली नव्हती.

हे कोपर तिने आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरकडून उचललं होतं. सिस्टर एकदाच सांगून गेली, हिने ते कायमचं धरलं. प्रत्येक पोराच्या पेल्याला वेगळी खूण केली. साबणाच्या वड्या जुन्या मोज्यांत घालून नळाला बांधल्या, कारण सुट्या वड्या पोरं ओढ्यावर पळवायची.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी वसतिगृहात फ्लू शिरला. दोन दिवसांत दहाबारा पोरं तापली. पुढच्या आठवड्यात जव्हारच्या प्रकल्प कार्यालयातून साहेब शाळेच्या तपासणीला येणार होते. आजारी पोराला जीपमध्ये बसवून पाड्यावर धाडायची आमच्याकडे रीतच होती. मीही जीप बोलावली. खोकणारी पोरं साहेबांना दिसू नयेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कोपरबाई फाटकात उभी राहिली. “पोरां धाडशील तं तापही धाडशील,” ती म्हणाली. “घरी म्हातारी हायत, अंगावर पिणारी हायत. सगळी एका खोलीत निजतात. जीप नाय जायाची.”

मी नोकरीची भीती घातली. तिने जीपवाल्यालाच परत पाठवलं, आणि जाता जाता तो खोकला तेव्हा त्यालाही कोपर धरायला लावलं.

धान्याची खोली रिकामी करून, खिडक्या उघडून तिने आजारी पोरं तिथे ठेवली. चूल मदतनीस बाईकडे सोपवली आणि नाकातोंडाला फडकं बांधून स्वतः पोरांजवळ बसली. सिस्टर रोज तपासून जाई. घरी मुलीचं तान्हं बाळ होतं, म्हणून कोपरबाई घरी फिरकलीच नाही. मुलगी बाळाला घेऊन फाटकाबाहेर उभी राहायची, ही आतून हात हलवायची. साथ त्या खोलीतच संपली. पाड्यांवरच्या एकाही घरात ती पोचली नाही.

साहेब आले आणि जेवायला बसता बसता खोकले. “कोपर!” साहेबांनी मुकाट्याने तोंड कोपरात घातलं. मग हसून विचारलं, ही शिस्त कोणी लावली?

“मी, साहेब,” मी म्हणालो.

ती दोन हातांवर उभी होती. तिने साहेबांच्या ताटात वरण वाढलं. प्रशस्तिपत्र माझ्या नावाने आलं. पुढे एकदा मी चाचरत विषय काढला, तर म्हणाली, “तुला कागद हवा होता. मला पोरां हवी होती. ती बरी झाली ना?”

यंदा तिचा निरोपसमारंभ झाला. मी ते प्रशस्तिपत्र घेऊन गेलो. जीप मी बोलावली होती, तिने अडवली; शिस्त तिची होती, खोटं माझं होतं, हे सगळं माईकवर सांगितलं आणि कागद तिच्या हातात ठेवला. बोलता बोलता मला ठसका लागला. तोंडाशी हात नेतो तोच मांडवातून, पोरांतून, आईबापांतून, मागे बसलेल्या म्हाताऱ्यांतूनही एकच आवाज उठला, “कोपर!”

मी तोंड कोपरात घातलं. मान वर केली तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसत होती. तिला ओरडावं लागलंच नव्हतं.