पट्टा शेवटपर्यंत ओढणारे काका

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधील आमच्या मराठी मंडळात जुनी एसयूव्ही घेणारा प्रत्येक जण आमच्या शेजारच्या काकांना सोबत नेतो. काका इंजिन नंतर पाहतात. प्रथम सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढतात. अर्जलेखनात मुरलेल्या, बारीकसारीक तपशील पारखणाऱ्या मजसारख्यासही ही रीत अनाकलनीय वाटे.

मी पसंत केलेली छोटी एसयूव्ही मंडळातल्याच एका तरुणाची होती. तिच्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला वाळलेला चिखल निघाला.

"पुरात बुडालेली आहे ही," काका म्हणाले.

"काका, खरंच माहीत नव्हतं! मीपण सेकंडहँडच घेतली," तो तरुण म्हणाला.

"तुझी पोरं बसतात ना यात? पाण्याने आतल्या वायरी गंजतात; एअरबॅग ऐन वेळी उघडेलच, याचा भरवसा नाही."

मी मनात नकाराचे सविस्तर पत्र रचत होतो. काकांनी माझी खरेदी पुढे ढकलली आणि त्या तरुणालाच दुसरी गाडी पाहायला घेऊन गेले.