‘लाईट’ शब्दाच्या मागे लागलेले केळशीकर मास्तर

लोणावळ्याच्या शाळेत मी इंग्रजीचा दुय्यम शिक्षक म्हणून रुजू झालो त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत धोतराचा सोगा हातात धरून एक उंच गृहस्थ खिडकीपाशी उभे होते. मी नमस्कार केला. त्यांनी नाव विचारले नाही, गावही विचारले नाही. म्हणाले, “या. ‘लाईट’ म्हणजे काय, सांगा पाहू.”

मला वाटले, परीक्षा घेताहेत. “उजेड. आणि हलका,” मी म्हणालो.

“ते झालेच. आणखी?”

“एवढेच ठाऊक आहे,” मी म्हणालो. ते खूश झाले! “छान. म्हणजे तुम्हालाही शोधायला वाव आहे,” असे म्हणून त्यांनी मला आपल्या शेजारची खुर्ची दिली. गुरुवर्य अनंतराव केळशीकर यांची आणि माझी ओळख ही अशी झाली. आज त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी हा लेख लिहिताना त्या खुर्चीवर अजून बसल्यासारखे वाटते.

मास्तरांचे शिकवणे मंडळींना ठाऊक आहेच. त्यांच्या हाताखालून गेलेले कितीतरी जण आज हा ग्रंथ वाचत असतील. पण वर्गाबाहेर ते काय करीत, हे सर्वांना ठाऊक नसेल. एखादा साधा इंग्रजी शब्द धरावा आणि आपल्या भागातली माणसे तो कुठे, कसा वापरतात ते विचारत हिंडावे, असा त्यांचा छंद होता. त्या वर्षी ‘लाईट’ची पाळी होती. रविवारी ते निघत आणि मला बरोबर नेत.

वलवणच्या धरणावर काम करणाऱ्या एका फिटरने सांगितले, “लाईट खाली खोपोलीला तयार हुतो. हितनं निस्तं पाणी जातं.” विजेलाच तो लाईट म्हणत होता. मास्तर वाटेत थांबले आणि स्वतःशीच म्हणाले, “दिवा नाही, उजेड नाही, थेट वीज! हे नवीन आहे.” बाजारातला कापडवाला फिक्या निळ्या रंगाला लाईट म्हणे. साहेबांच्या बंगल्यावरचा खानसामा सांगे की, ‘लाईट’ नाष्टा म्हणजे अंडी नकोत, नुसता टोस्ट.

वराळ्याच्या एका पेन्शनर हवालदारांकडे मात्र आमची फजिती झाली. ते लाईट इन्फंट्रीत होते. मास्तरांनी विचारले, “आबा, लाईट म्हणजे हलकी पलटण का?” हवालदार ताडकन उठले. “हलकी? आमची पलटण हलकी न्हाई, मास्तर! हलका माल आसतो. आमी चपळ हुतो, चपळ. वझं कमी, पाय लय.”

मास्तरांनी हात जोडून क्षमा मागितली.  परतताना ते म्हणाले, “बघा, इंग्रजी शब्दाचा दोष नव्हता. आपल्या ‘हलका’ शब्दात एक अपमान दडलेला आहे, तो मी विसरलो.” ह्या माणसाला आपल्या चुकीचेही कुतूहल वाटते, हे तेव्हा मला प्रथम कळले.

ह्या छंदाला कोणी कोणी हसत. मीही मनातून थोडा हसत असे. पण पुढे जे घडले त्यानंतर हसणे बंद झाले.

घाटात विजेची इंजिने येण्यापूर्वीची ही गोष्ट. गावाच्या पुण्याकडच्या अंगाला रेल्वेचे एक फाटक होते. त्यावर धोंडिबा नावाचे वयस्क फाटकवाले होते. त्यांची बायको पार्वतीबाई मास्तरांच्या घरी दूध घालीत असे. आम्ही फिरायला गेलो की मास्तर धोंडिबांशी दोन शब्द बोलत. एकदा एक इंजिन डब्यांशिवाय एकटेच धडधडत गेले. मास्तरांनी विचारले, “याची गाडी कुठे राहिली?” धोंडिबा म्हणाले, “लाईट इंजिन हाय ते. मागं डबं न्हाईत, म्हून लाईट.” मास्तरांना त्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत दुसरा विषय नव्हता.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, दाट धुक्यात, त्या उघड्या फाटकात एक इंजिन शिरले आणि आंबीच्या एका शेतकऱ्याची गवताची गाडी उडाली. एक बैल जागीच गेला, गाडीवानाचा पाय मोडला. फाटक उघडे ठेवल्याचा आरोप धोंडिबांवर आला. नोकरी तर जाणारच होती. खटलाही होईल असे बोलले जात होते. चौकशीच्या सकाळी पार्वतीबाई मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसली.

“मास्तर, त्येस्नी विंग्रजी कळत न्हाई. तुमी निस्तं जवळ बसा. दुसरं काय बी नगं.”

मुख्याध्यापकांनी मास्तरांना सावध केले. शाळा सरकारी मदतीवर चालत होती आणि गोऱ्या अधिकाऱ्यासमोर न बोलावता जाणे बरे दिसणार नव्हते. मास्तरांनी त्यांचे नीट ऐकून घेतले, टोपी घातली आणि मला म्हणाले, “येता?”

चौकशी स्टेशनजवळच्या एका खोलीत होती. साहेब टेबलामागे, शेजारी बाहेरून आणलेले दुभाषी, एका बाजूला इंजिनाचा ड्रायव्हर. दिवा लावलेला होता, असे ड्रायव्हर आधीच सांगून बसला होता. आम्ही दाराशी बाकावर बसलो.

साहेबांनी विचारले, “तू काय पाहिलेस?”

धोंडिबा म्हणाले, “साहेब, लाईट इंजिन आलं. एकाएकी आलं. मला टेसनातनं घंटी मिळाली न्हाई.”

दुभाष्यांनी इंग्रजीत सांगितले, “इंजिनावर दिवा होता, असे हा म्हणतो.”

“दिवा किती लांबून दिसला?”

“बत्ती कुटं हुती साहेब? उलटं चालत हुतं, कोळशाचं टेंडर म्होरं. बत्ती न्हवतीच!”

दुभाष्यांनी तेही सांगितले तेव्हा साहेबांनी लेखणी खाली ठेवली. आधी दिवा होता म्हणतो, आता नव्हता म्हणतो. हा माणूस खोटे बोलतो आहे, असे ते म्हणाले. धोंडिबांना आपले काय चुकले तेच कळेना. ते एकदा साहेबांकडे आणि एकदा आमच्याकडे बघत राहिले.

मास्तर उभे राहिले. “साहेब, मी इथे इंग्रजी शिकवतो. एका शब्दापुरती परवानगी हवी.” साहेबांनी मान हलवताच ते पुढे म्हणाले, “हा माणूस दिव्याबद्दल बोललाच नाही. ‘लाईट इंजिन’ असे तो म्हणाला. डबे नसलेल्या इंजिनाला तुमच्या खात्यात काय म्हणतात?”

साहेबांनी मास्तरांकडे रोखून पाहिले. मग साहेब हळूच म्हणाले, “लाईट इंजिन.” आणि ते ड्रायव्हरकडे वळले. “इंजिनाचे तोंड कुठे होते?”

ड्रायव्हरने खाली पाहिले. टेंडर पुढे होते आणि त्या बाजूचा दिवा लावलाच नव्हता, हे त्याने कबूल केले. मग स्टेशनातल्या माणसालाही बोलावणे आले. वेळापत्रकात नसलेल्या त्या इंजिनाची वर्दी फाटकाला दिलीच नव्हती, असे त्याच्याकडून बाहेर आले. धोंडिबा निर्दोष ठरले आणि पुढे पेन्शन घेऊनच निवृत्त झाले.

बाहेर व्हरांड्यात ते दुभाषी भिंतीला टेकून उभे होते. चेहरा पांढरा पडला होता. मास्तर त्यांच्याकडे गेले. “तुम्ही सांगितलेला अर्थ कोशात आहे. रेल्वेतला तुमच्या कानावर यायचा राहिला, इतकेच. चला, चहा घेऊ.” आम्ही चौघे हॉटेलात बसलो. धोंडिबांनी बशीत चहा ओतून पहिल्यांदा दुभाष्यांपुढे सरकवला. पार्वतीबाई बाहेर उभी राहून डोळे पुसत होती.

नंतर मी मास्तरांना विचारले की, भीती वाटली नाही का? म्हणाले, “वाटली.  पण शब्द ठाऊक असून गप्प बसलो असतो, तर उद्या वर्गात कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो?”

मी हिवतापाने पडलो तेव्हा स्वतःचे तास सांभाळून त्यांनी माझे वर्ग घेतले, आणि पगार कापला जाऊ नये म्हणून मुख्याध्यापकांशी भांडले. हे मला शिपायाकडून कळले. त्यांनी स्वतः आजतागायत त्याचा उल्लेख केलेला नाही.

मास्तर आता निवृत्त झाले आहेत. गुडघे कुरकुरतात, तरी रविवारचा फेरफटका चुकत नाही. गेल्या महिन्यात भेटलो तेव्हा कळले की, त्यांनी ‘सेट’ हा शब्द हाती घेतला आहे. त्याचे अर्थ कोशात पाने भरून आहेत आणि मावळातल्या माणसांकडचे तर अजून विचारायचेच आहेत. कोणीतरी काळजीने म्हणाले, “मास्तर, याला फार वर्षे लागतील.” ते म्हणाले, “लागू देत की.”

आम्हा सर्वांचेही परमेश्वराकडे तेवढेच मागणे आहे. लागू देत. त्यांचे पाय धड राहोत, कान तिखट राहोत, आणि हा शब्द त्यांच्या हातून मुळीच लवकर संपू नये.