सायलेन्सरचं पाणी

आज सकाळी दिघीत कडाक्याची थंडी होती. गाडी सुरू केली आणि सायलेन्सरमधून पाणी ठिबकू लागलं. थंड नळीत वाफेचं पाणी बनतं, हे मला ठाऊक आहे. तरी मी खाली उतरले.

बाबांनी आकुर्डीच्या घरी पहिली गाडी आणली, जुनीच, तेव्हाही असंच ठिबकलं होतं. आईने गाडीमागे काढलेल्या रांगोळीतलं एक पाऊल त्यात विरघळलं. बाबा कंपनीत रोज मोटरसायकलींना सायलेन्सर बसवायचे, पण कोरे करकरीत. त्या दिवशी ते उकिडवे बसले, थेंब बोटावर घेऊन हुंगला आणि त्यांचा चेहरा पडला. "इंजिनात पाणी शिरलंय वाटतं. फसलो का गं मी?"

आई मूळची बीडची. ती म्हणाली, "थंडी बाधली असंल. आपल्या घरात नवीन हाय ती." आणि तिने पदराने नळीचं तोंड पुसलं. गाडी तापली, पाणी थांबलं. आपणच थांबवलं, असं आईला कायम वाटत राहिलं. पुढे खरं कारण कळल्यावर बाबांनीही तिला ते कधी सांगितलं नाही.

मी मात्र शेजारी बघतायत म्हणून शरमेने घरात पळाले होते.

आज ओढणीच्या टोकाने मी नळी पुसली. कुणी बघतंय का, हे पाहायचं सुचलंच नाही.