रिकाम्या गलबतांचा आलेख

कोळशाचा तुकडा कानावर ठेवायचा, भिंतीपासून दहा पावले मागे यायचे, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचे, "भाऊसाहेब, जवळून न्हाय. लांबून बघा." रेवदंड्याच्या धक्क्यावर ज्यांची ऊठबस होती, त्यांना हे तांडेल आठवत असतील.

बसरा, कराची, झांजिबार. उभा जन्म त्यांनी गलबतावर काढला होता. थकल्यावर ते धक्क्यावर बसू लागले. येणारे गलबत पाण्यात किती बुडाले आहे ते न्याहाळायचे आणि गोदामाच्या भिंतीवर त्या मानाने उभी रेघ ओढायची, हा त्यांचा उद्योग. भरलेल्या गलबताची रेघ हातभर, रिकाम्याची बोटभर. प्रत्येक बंदराची ओळ वेगळी. एकोणीसशे तिसाच्या सुमारास त्या साऱ्या ओळी एकदमच उतरू लागल्या.

"सगळ्याच कशा उतरतात?" मी विचारले.

"विलायतेत गिरणी थांबली की मुंबईत कापूस पडून. हमालाला काम न्हाय, मग आमची सुपारी चघळणार कोण? दर्या एकच हाय, भाऊसाहेब."

मी बंदर कचेरीतला कारकून. आलेख मीही काढत असे, तांबड्या शाईत, आणि माझी रेघ वर चढत होती. कारण मी फक्त येणारी गलबते मोजत होतो. माल मिळेना म्हणून तीच गलबते रिकामी या बंदरातून त्या बंदरात हिंडत, आणि त्यांचा प्रत्येक हेलपाटा माझ्या कागदावर भरभराट म्हणून चढे. मला हे ठाऊक नव्हते असे पुष्कळ वर्षे सांगत आलो. ठाऊक होते. साहेबांनी तो कागद काचेत बसवून दर्शनी भिंतीवर लावला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या घामट हाताची आजही किळस येते; त्याहून अधिक येते ती त्याखाली वाकलेल्या माझ्या पाठीची.

एके सकाळी तांडेल मुलाला घेऊन कचेरीत आले. चौलची सुपारीची वाडी विकून मुलाला नवे गलबत बांधायचे होते.

"हा म्हणतो, सरकारी रेघ वर जाते, बापाचा कोळसा काय ऐकायचा? तुम्हीच सांगा त्याला. यात रिकामी किती, भरलेली किती?"

आतल्या खोलीत साहेब बसले होते. माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता.

"सरकारी आकडा तो सरकारी आकडा," मी म्हणालो.

मुलगा हसला. "ऐकलंत, बाबा? आता तो कोळसा चुलीत घाला."

तांडेलांनी माझ्याकडे पाहिले. दहा पावले मागे न जाता, अगदी जवळून.

वाडी गेली. गलबत मात्र देखणे झाले. माल भरल्यावर ते जिथवर बुडायला हवे, तिथे तांडेलांनी सुताराकडून पटाशीने एक रेघ कोरून घेतली. दोन फेऱ्या ते रिकामेच हिंडले, मग खाडीच्या काठावर ओढून ठेवले. मुलगा मुंबईच्या गोदीत काम शोधायला गेला.

मला बढती मिळाली. साहेबांच्या पाहणीआधी गोदामाची भिंत मीच चुन्याने रंगवून घेतली. तांडेल तिथेच उभे होते.

"झ्याक झाली," ते म्हणाले. "आता लांबूनसुद्धा काय दिसत न्हाय."

त्यांनी मला एकदा शिवी दिली असती, तर त्या आधारावर मी आयुष्य काढले असते. ते मात्र वारेपर्यंत मला भाऊसाहेबच म्हणत राहिले.

ते गलबत अजून खाडीकाठी आहे. उधाणाच्या भरतीला पाणी त्याच्या बुडाला लागते, थोडे चढते आणि त्या कोरलेल्या रेघेच्या खूप खाली थांबते. मी जवळ जात नाही. दहा पावलांवरून पाहतो.