बिस्किट की ऑफ-व्हाइट?

अशा भुताखेतांच्या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. बायको आतून विचारायची, "एवढं काय हासून राहिले?" मग मी वाचून दाखवायचो आणि दोघं मिळून हसायचो. जन्मभर स्टील प्लांटमध्ये मशीन दुरुस्त केल्या... विचित्र आवाज आला की आधी बेअरिंग तपासणारा माणूस मी. आज मीच लिहायला बसलोय. हसायचं असेल तर हसा.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, पण संसार सगळा भिलाईत, सेक्टर 2 च्या क्वार्टरमध्ये झाला. क्वार्टरमध्ये रंग निवडायचा प्रश्नच नसतो, जो मारून मिळेल तो आपला. सुनंदा, माझी बायको, हॉलमध्ये खाली बसून, भिंतीला डोकं टेकून भाजी निवडायची. खोबरेलात मेथी उकळून ती स्वतः तेल करायची आणि डोक्यावर चांगलं थापायची. त्यामुळे भिंतीवर, बसल्यावर डोकं येतं त्या उंचीला, एक गोल तेलकट डाग कायमचा. नवा रंग झाला की थोड्याच दिवसांत डाग हजर! मी त्याला तिची सही म्हणायचो.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून जवळच कुरुदला घर बांधलं. पेंटरने हॉलच्या भिंतीवर दोन पट्टे मारून ठेवले — एक ऑफ-व्हाइट, एक बिस्किट. तेव्हा सुनंदा दवाखान्यात होती. मी तिला मोबाइलवर फोटो दाखवला.

"बिस्किटच घ्या जी," ती म्हणाली. "माह्या डोक्याचा डाग दिसनार नाई त्याच्यावर."

"आता सोफा येऊन राहिला. खाली कावून बसशीन?"

"सोफ्यावर बसून भाजी निवडता येते काय?"

ती परत आलीच नाही. नव्या घरात तिचं पाऊलसुद्धा पडलं नाही. तेरवी झाल्यावर पेंटरचा फोन आला, "अंकल, कौन सा करें?" मी म्हटलं, ऑफ-व्हाइट. डाग पाडणारं आता कोण उरलं होतं?

एकटाच राहायला आलो. एका दुपारी जेवायला बसलो, तर स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर डाग. गोल... त्याच उंचीला.

माझा मुलगा निखिल रायपूरला असतो. फोनवर म्हणाला, "सीपेज असेल बाबा, टेंशन मत लो." रविवारी आला, वाकून डागावर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मला जन्माची सर्दी, वास कळत नाही. दूध करपलं तरी पत्ता लागत नाही म्हणून सुनंदा चिडवायची. मी विचारलं, "कशाचा वास येऊन राहिला?" तो तिथेच खाली बसला आणि रडायला लागला.

"आईचं तेल आहे, बाबा."

पेंटरने भिंत घासली, प्रायमर मारला, वर पुन्हा ऑफ-व्हाइट. डाग परत आला. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मी ताट घेऊन त्या भिंतीसमोरच बसू लागलो, दिवसभरातलं काहीबाही सांगू लागलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा घरात कोणीतरी होतं.

निखिल मात्र घाबरला. "आईले बिस्किट पाहिजे होता ना? करून टाकू. उसकी आत्मा को शांति मिलेगी." मलाही वाटलं, शेवटचं एवढंच तर मागितलं होतं तिने. मी हो म्हटलं.

बिस्किट रंग झाला. डाग आला नाही. "देखा?" निखिल फोनवर म्हणाला. "आई शांत झाली."

फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं... बिस्किटावर डाग दिसत नाही. म्हणूनच तर तिने तो मागितला होता!

आता ती गेली की अजून तिथेच बसली आहे, हे कळायला मला काही मार्ग उरला नाही. रोज त्या जागी बोट फिरवतो. हल्ली तेलकट लागतं. पण रोज हात लावून लावून ते माझ्याच हाताचं झालं असेल. निखिलला वास घ्यायला लावला, तर त्याला नव्या पेंटचाच येतो.

हे काय होतं, मला अजून सांगता येत नाही. ऑफ-व्हाइटचा अर्धा डबा जिन्याखाली पडून आहे. पुन्हा मारायची हिंमत होत नाही. मारला आणि डाग आलाच नाही, तर?