जखमेवरून ओढलेला हात

मुलांनो, तुमच्यापैकी एकीचा हात कापला तेव्हा रक्त थांबले का हे पाहायला ती पुन्हा पुन्हा फडके उचलत होती, असे तिने कळवले. म्हणून आता हे लिहून ठेवते. तुमचे आजोबा महाराजांच्या राजवटीत कोल्हापूर दरबारचे फौजदार होते. निवृत्तीनंतर ते गुन्ह्यांविषयी बोलायला कंटाळत. एवढे एक प्रकरण मात्र सांगत. तिथे मीही होते.

गडमुडशिंगीहून सकाळी खबर आली, बांधाच्या भांडणातून धाकट्याने थोरल्या भावाच्या मांडीत विळा घातला. खबर नेहमी माणसाच्या आधी पोचते. बैलगाडी ठाण्याच्या आवारात शिरली तेव्हा शिपाई बेड्या घेऊन उभेच होते. थोरला गाडीत निपचित, धाकटा त्याच्या मांडीवर पटका दाबून वाकलेला, कोपरापर्यंत रक्ताने माखलेला. शिपायांनी त्याला खाली ओढले. पटका निसटला आणि रक्त उसळले.

ठाण्याला लागूनच आमचे घर होते; मी ओट्यावरून धावले. लग्नाआधी दवाखान्यात शुश्रूषेचे शिक्षण घेतले होते. धुतलेला पंचा घडी करून जखमेवर ठेवला आणि दोन्ही तळव्यांवर अंगाचा भार देऊन दाबला.

तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, पंच आलेत. जखम बघून लिहू दे त्यांना."

"अहो, हात काढला तर मढ्याचा पंचनामा लिहाल."

पंचांत शिवाजी पेठेतला एक पैलवान होता. "वैनीसाब, तालमीची तांबडी माती आणतो. मूठभर दाबली की रगात बंद!"

"माती कुस्तीला राहू द्या. दुसरा पंचा आणा."

पहिला भिजला होता. तो न उचलता त्यावरच दुसरा ठेवला, दाब सोडला नाही. पाय उंच करवला, घोंगडे पांघरवले. शिपाई डॉक्टरांना आणायला गेला.

शेजारीच एक शिपाई धाकट्याची चौकशी करत होता.

"तुझ्या अंगावर रक्त कसलं?"

"दाबून धरलंतं की सायब. मुडशिंगीपास्नं."

"भांडण झालंतं का न्हाय?"

"झालंतं. काल. आज न्हाय. ह्यो पडलेला दिसला म्हून धावलो."

कोणाचाच विश्वास बसेना. साक्षीदार नव्हता. थोरला गेला असता, तर धाकटा खुनी ठरला असता.

डॉक्टरांनी टाके घातल्यावर दुपारी थोरल्याने डोळे उघडले. "धाकला कुटं हाय?"

"बेडीत," तुमचे आजोबा म्हणाले.

"का म्हणून? इळा माझाच की! कमरंला खोचलाता, बांध उतरताना घसरलो. ह्येच्याशी मी बोलतबी न्हवतो, तरी ह्योच धावला."

धोतर तपासले. कमरेच्या घडीपासून मांडीपर्यंत सरळ चिरलेले होते. बेडी काढली, तसा धाकटा भावावर ओरडला, "इळा खोचून कोन बांध उतरतंय, येड्या?" आणि मग मात्र त्याला रडू आवरेना.

त्यानंतर तुमच्या आजोबांनी ठाण्यात सक्त ताकीद दिली: जखमेवर कोणाचाही हात असो, दुसरा हात तिथे पडल्याशिवाय तो काढायचा नाही. बेडी, पंच, जबाब सगळे मागाहून. रक्ताळलेले हात दिसले की पोलिसाला आधी आरोपी दिसतो, असे ते म्हणत. एवढे शिकायला इतकी वर्षे नोकरी करावी लागली, याचाच त्यांना सल होता.

दोघे भाऊ आता नाहीत. तुमचे आजोबा नाहीत. ते ठाणेही पाडले. थोरल्याला त्यानंतर झालेली मुले गडमुडशिंगीत शेती करतात.