गुरुवारची दुसरी बस

मी अक्षरं ओळखायला शिकले ती पाटीवर कमी आणि पत्रकांवर जास्त. कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांत रात्रीची जेवणं आटोपली की सतरंजीवर पत्रकांचा गठ्ठा यायचा. मजकूर आईचा, छपाईची धावपळ बाबांची आणि घड्या सगळ्यांच्या. चमच्याची पाठ कागदावरून ओढली की घडी पक्की बसते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. टेकडीवरची बांधकामं, पाण्याचं खासगीकरण, परदेशी कर्जं, ज्या विषयावर शहर गप्प असायचं त्यावर आमच्याकडे पत्रक असायचं.

त्यामुळे मी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी धरली तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं. माझं काम होतं ते सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची माहितीपुस्तकं लिहिण्याचं.

"म्हणजे पत्रकंच," आई म्हणाली. "फक्त कुणाच्या विरोधात नाहीत."

ते दिवस असे होते की आमच्या सोसायटीत दर महिन्याला कुणाकडे तरी नव्या गाडीला हार घातलेला दिसायचा. आधी घरात एक स्कूटर असायची, मग कॉलेजातल्या मुलीला स्कूटी आली, मग मुलाला बाइक. बँकेचे लोक कर्ज द्यायला दारात यायचे. मुलं खेळायची ती मोकळी जागा पार्किंग झाली आणि मुलं गाड्यांच्या सीटवर बसून खेळायला लागली. आईनं विषय ठरवला: वाहनं, धूर आणि तापत चाललेली हवा. मला मात्र पत्रकाच्या आधी एक गोष्ट जाणून घ्यायची होती. हे सायकलींचं शहर होतं म्हणतात, तर माणसं सायकलीवरून उतरली कधी?

मी भेटेल त्याला विचारत सुटले. लोक अशी उत्तरं द्यायचे जणू मी त्यांच्या लग्नाची गोष्ट विचारली आहे. एका बाईंनी सांगितलं, मुलगी दहावीला गेली आणि तिचे तीन क्लास तीन दिशांना निघाले. एका गृहस्थांची कंपनीच शहराबाहेर गेली. सोसायटीचे सेक्रेटरी काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी सायकल सोडलेली नाही. ती जिन्याखाली आहे. मी फक्त तिच्यावर बसत नाही."

"बसनं का जात नाही तुम्ही?"

"बस आली तर जाईन की."

सगळ्यांच्या बोलण्याच्या शेवटी हेच यायचं. बस येत नाही म्हणून लोक गाडी घेतात, आणि लोक गाडीवर जातात म्हणून बसगाड्या कमी होतात. मला वाटलं, हे चक्र कुठून तरी एका ठिकाणी अडवलं पाहिजे. गुरुवार मी सुचवला. गुरुवारी पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते, पाणीही बंद असतं, आणि त्याची सगळ्यांना सवय आहे. मग त्याच दिवशी गाडीही बंद ठेवायला काय हरकत आहे? आईला ते पटलं. पत्रकाचं शीर्षक झालं ‘गुरुवारी गाडी नको’. आत तिनं लिहिलं होतं की गाडीतून निघणारा कर्बवायू दिसत नाही, पण तो साठतो, आणि हिशोब आपल्या नातवंडांकडून वसूल होतो.

"दिसतो तो धूर लोक गिळतात," काका पत्रक वाचून म्हणाले. "न दिसणाऱ्याचं कोण मनावर घेणार?"

पण त्यांनीच मनावर घेतलं. सोसायटीच्या बैठकीत त्यांनी विषय मांडला तोच मुळी असा, की "गुरुवारी पाणी नाही, वीज नाही, म्हणजे माणसाला घराबाहेर पडण्याशिवाय काम नाही." ठराव झाला. त्या गुरुवारी सकाळी आमच्या सोसायटीतून डबे, लॅपटॉपच्या बॅगा, पाण्याच्या बाटल्या घेऊन माणसं चालत निघाली, सहलीला निघाल्यासारखी. बस आमच्याच भागातून सुटते, त्यामुळे सगळ्यांना बसायला जागा मिळाली. काका खिडकीशी. बस तिथंच गच्च भरली. आई फुटपाथवर उभी राहून हात हलवत होती. मला तिचा चेहरा अजून आठवतो. इतकी वर्षं पत्रकं वाटून पहिल्यांदाच कुणीतरी पत्रकात लिहिल्याप्रमाणे वागलं होतं.

पुढच्या गुरुवारी शेजारच्या दोन सोसायट्याही आल्या. मग मला उत्साह आवरेना. तिसऱ्या गुरुवारी मी पत्रकं घेऊन पुढच्या थांब्यांवर गेले. कोथरूडला कर्वे पुतळ्याच्या थांब्यावर वाटत होते तेवढ्यात आमची बस आली. दारात माणसं लोंबकळत होती. ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढून नाही नाही असा हलवला आणि गाडी थांबलीच नाही. मी आतल्या ओळखीच्या चेहऱ्यांकडे बघून हात केला. कुणीतरी परत हात केला.

थांब्यावर तिशीच्या आसपासच्या एक बाई होत्या. सुती साडी, खांद्याला फुगलेली पिशवी. त्यांनी माझं पत्रक शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली.

"हे तुम्ही लिहिलं?"

"आईनं. कल्पना माझी."

"छान आहे. ‘बसनं जा.’ मी रोज बसनंच जाते नं. फक्त गुरुवारी जाता येत नाही. काहून, ते आज कळलं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी त्यांना रिक्षा थांबवून देऊ का विचारलं. "लोणी काळभोरपर्यंत?" त्या म्हणाल्या. "चालेल. भाडं तुमची चळवळ देईल?"

त्या अमरावतीकडच्या. कोथरूडला एका खोलीत पेइंग गेस्ट म्हणून राहायच्या आणि लोणी काळभोरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, कंत्राटावर. ही बस हडपसरपर्यंत, तिथून दुसरी. गुरुवारी सकाळी पहिला तास त्यांच्या प्रॅक्टिकलचा असे. त्या पोहोचेपर्यंत मुलं प्रयोगशाळेबाहेर उभी राहत, आणि समोरच प्राचार्यांची खोली. लागोपाठ दोन गुरुवारी उशीर झाल्यावर प्राचार्यांनी बोलावून सांगितलं होतं की मॅडम, महिनाअखेर कंत्राटाचं नव्यानं बघायचं आहे, तेव्हा हे चालणार नाही. कंत्राट गेलं तर पुण्यातली खोलीही सोडून गावी परत जायचं. गावी लग्नाची बोलणी त्यांची वाट बघत बसली होती.

"मग गाडी का घेत नाही?" हे माझ्याच तोंडून निघालं. पत्रकं हातात असताना.

"बाप्पा! आता तुम्हीच गाडी घ्या म्हणता?" त्या पहिल्यांदा हसल्या. "मी बसमध्ये पेपर तपासते. स्कूटीवर कुठं ठेवू? आणि तो कार्बन डायऑक्साइड मला नका शिकवू. मी तो मुलांना दाखवते. चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधासारखी होते, पोरं खूश होतात."

दिसत नाही म्हणून आम्ही पत्रकात लिहून टाकलं होतं, आणि ह्या बाई तो दर वर्षी वर्गभर मुलांना दाखवत होत्या. मला फार कुतूहल वाटलं. मी विचारलं, "मी एकदा तुमच्याबरोबर येऊ? शेवटपर्यंत?"

"या की. पण बुधवारी या. गुरुवारी मीच नसते."

बुधवारी मी रजा टाकली. बसमध्ये त्यांना बायकांच्या बाजूची खिडकी मिळाली आणि त्यांनी पेपर काढले. मी माणसं बघत होते. नळ स्टॉपला चढलेल्या नर्सनं कंडक्टरकडे बघून नुसती मान हलवली आणि तिकीट आपोआप फाटलं. डेक्कनला दोन मुसलमान आजोबा चढले, टोप्यांचं दुकान उघडायला निघालेले. एकानं दुसऱ्यासाठी जागा धरली आणि मग स्वारगेटपर्यंत दोघं एकमेकांशी अक्षरही बोलले नाहीत. हडपसरला बस बदलून सोलापूर रस्त्याला लागलो. कंपन्यांच्या काचा मागं पडून ऊस लागला, मग पुन्हा कॉलेजांच्या कमानी. मॅडमनी एकदाच पेपरमधून मान वर केली आणि म्हणाल्या, "ह्यानं पाण्याचं सूत्र चुकवलंय. अन् म्हणे इंजिनीअर व्हायचं."

येताना मी एकटी होते आणि विचार करत होते. ह्या माणसांना कुणी पत्रक दिलं नव्हतं. आम्ही ज्याला उद्याचं शहर म्हणत होतो त्यात ही माणसं आधीपासून राहत होती, आणि आम्ही जाऊन त्यांच्या जागांवर बसलो होतो.

घरी वाद पेटला. बाबा म्हणाले, मोहीम थांबवा. आई म्हणाली, थांबवायची कशाला, बस वाढवून मागा. मी आणि काका बस सुटते तिथल्या कंट्रोलरकडे गेलो. पत्र्याच्या केबिनमध्ये बसलेला मध्यमवयीन माणूस, समोर चहाचा अर्धा कप.

"गुरुवारी एक गाडी जादा द्या," काका म्हणाले.

"गुरुवारीच का? दत्ताचा वार म्हणून?"

"गर्दी होते."

"होत नाही. इथून सगळे बसून जातात. मी बघतो ना."

"पुढच्या थांब्यांवर माणसं मागं राहतात," मी म्हणाले.

"राहत असतील ताई. पण मागं राहिलेला माणूस मला इथून कसा दिसणार? तो कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून जातो आणि विसरून जातो. मला वर सांगायचं तर दाखवायला काहीतरी लागतं."

बाहेर आल्यावर काकांनी वळून केबिनची खिडकी नीट न्याहाळली. मग म्हणाले, "मागं राहिलेला दिसत नाही म्हणतोय. मग दिसेल अशा ठिकाणी मागं राहू."

म्हणजे बस सुटते तिथं यायचं, रांग लावायची, आणि चढायचं नाही. रांग सरळ कंट्रोलरच्या खिडकीसमोर. आमच्या घरी धरणं, उपोषणं, घेराव, सगळं झालेलं होतं, पण बसच्या रांगेत उभं राहून बसमध्ये न चढण्याचं आंदोलन कुणी केलं नव्हतं. सोसायटीत त्यावर बरीच थट्टा झाली. "ऑफिसला काय सांगू? बस आली होती पण मी तत्त्वनिष्ठ आहे?" एक जण म्हणाला. काही लोक त्या गुरुवारी गुपचूप गाड्यांवरून गेले. तरी रांग लागली, केबिनपासून वळून पार रसाच्या दुकानापर्यंत. ठरलं होतं की मी एकटीनं चढायचं आणि कोथरूडला जागा राहते का ते बघायचं.

बस लागली. कुणी हललं नाही. कंडक्टरनं घंटीची दोरी हातात धरली आणि बघत राहिला. कंट्रोलर केबिनमधून बाहेर आला.

"चढा की!"

"आमची दुसरी गाडी आहे," काका म्हणाले.

"दुसरी गाडी कुठाय?"

"तेच आम्ही तुम्हाला विचारतोय."

मी रिकाम्या बसमध्ये बसले. खिडकीतून रांग मागं सरकत गेली. आई रांगेत उभी होती. तिला ऑफिस नव्हतं, तरी उभी होती.

कर्वे पुतळ्यापर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कंत्राटाचा निर्णय महिनाअखेर व्हायचा होता. मॅडमनी कंटाळून आज दुसरी काही सोय केली असली तर? थांबा आला. मॅडम पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनी आधी बसकडे संशयानं पाहिलं, मग ड्रायव्हरला विचारलं, "बंद पडली का हो?"

"नाही मॅडम, चालू आहे. या."

त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी सांगायला लागले तर म्हणाल्या, "थांबा, आधी पोचू द्या." हडपसरला दुसरी बस सुटायच्या बेतात होती, आम्ही धावत गाठली. कॉलेजच्या फाटकाशी मी थांबले. प्रयोगशाळेच्या ओसरीत मुलं उभी होती. मॅडमना बघून त्यांतल्या एकानं हातातला वडा पटकन तोंडात कोंबला. मॅडम गुरुवारी एवढ्या लवकर येतील अशी मुलांना अपेक्षा नव्हती.

नंतरच्या गुरुवारी कंट्रोलरनं आमच्या रांगेसमोर खरोखर दुसरी गाडी आणून लावली. ती दर वेळी यायचीच असं नाही. कधी यायची, कधी आम्ही ताटकळायचो आणि तो खिडकीतून हात जोडून दाखवायचा. सोसायटीतले निम्मे लोक हळूहळू पुन्हा गाड्यांवर गेले. त्यांच्यावर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं. आईनं ते छापू दिलं नाही. म्हणाली, "बस न आल्याचा राग बसवर काढ. माणसांवर नको."

महिना संपल्यावरच्या पहिल्या गुरुवारी मी पुतळ्याच्या थांब्यावर मुद्दाम गेले. विचारायचं धाडस होत नव्हतं. मॅडम पेपरांची पिशवी सांभाळत बसच्या पायरीवर चढल्या आणि वळून म्हणाल्या, "वर्षभराचं झालं बरं का."

"खरंच?"

"हो. म्हणजे आता वर्षभर दर गुरुवारी तुम्हाला मागं राहावं लागणार."

मागून कंडक्टर म्हणाला, "ताई, तुम्ही येताय का?"

"नाही," मी म्हणाले. "मी दुसरीनं येते."

घंटी वाजली. दुसरी अजून दिसत नव्हती.